फुगलेला दरवाजा

बायको सुमती दम्यानं गेली, त्यानंतर दिगंबर पनवेलच्या त्या दवाखान्यात पहिल्यांदाच आला होता, तोही ब्लडप्रेशर तपासायला. त्र्याण्णवचा श्रावण होता. बाकावर शेजारी गव्हाणच्या सासूसुना बसल्या होत्या.

"डॉक्टरला सांगनार, हा दम्याचा तपकिरी पंप मला नको."

"का, आई?"

"मारला तरी दम तसाच. निळा मारला की छाती लगेच मोकळी होते."

"आपला मागचा दरवाजा पावसात फुगतो, तवा तुमी काय करता?"

"लाथ मारते."

"उघडतो?"

"माझी लाथ हाय ती. उघडनारच."

"आनि दुसऱ्या दिवशी?"

"परत आडतो मेला."

"मंग निळा पंप म्हंजे तुमची लाथ. तपकिरी पंप लाकूड सुकवतो. श्वासाच्या नळीला आतून सूज हाय, ती हळूहळू उतरते. म्हनून रोज घ्यायचा, दम नसला तरी. घेतला की चूळ भरायची."

"दम नसताना औषध घेनारी येडीच."

"आनि दम लागल्यावर रिक्षा शोधत पळवनारी शहानी?"

"लय बोलतेस. त्याची सवय लागली म्हंजे?"

"मशेरी लावताना हे नाय इचारलंत!"

दिगंबरला राहवलं नाही.

"आमची ही निळाच मारायची, बाई. तपकिरी अजून फडताळात आहे. भरलेला."

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं.

"सूनबाई, काढ तो तपकिरी पंप पिशवीतून."

"आत्ता? हितं?"

"आत्ता. आनि चूळ भरायला पानी आन."