तिसरी चिठ्ठी

नाही हो मॅडम, बसा तुम्ही, गच्चीवर कशाला चढताय त्या गुडघ्याने — लिफ्ट सातव्यापर्यंतच जाते, पुढे जिनाच आहे. तुमच्याबरोबरचे सोसायटी स्पर्धेचे दोघे परीक्षक गेलेत ना, त्यांना शशिकांतकाका दाखवतील सगळं, कचऱ्याचं खत, सोलर, तुळशीच्या कुंड्या — चेअरमन आहेत ते, बारा वर्षं झाली, दुसरं कुणी उभंच राहत नाही. मी राजश्री, तीनशे चारमधली, युवा पथकाची प्रमुख. चहा घ्या ना. इथे ऑफिसातून लॉबी छान दिसते. लेटरबॉक्स पण दिसतात, बघा, ओळीने अठ्ठावीस. साडेअकराला मजा येणार आहे तिथे — काही नाही हो, जेवणाची कुपनं ठेवलीयत आत, ग्रुपवर मेसेज टाकलाय मी, सगळ्यांनी एकदमच घ्या म्हणून.

शांतता? हो, येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. अख्ख्या इंद्रलोक कॉम्प्लेक्समध्ये अशी बिल्डिंग सापडायची नाही. बाजूच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगवरून रोज आई-बहीण निघते, आणि आमच्याकडे बघा, पान हलत नाही. कसं जमलं? त्या पेटीमुळे. ती, भिंतीवरची, पांढरी. सूचना पेटी लिहिलंय, पण सूचना कोण टाकतोय! कुणाचं काय चुकलं ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली आपला फ्लॅट नंबर टाकायचा — खोट्या चिठ्ठ्या नकोत म्हणून — आणि आत सोडायची. लिहिणाऱ्याचं नाव कमिटी कुणाला सांगत नाही. एका घरावर तीन चिठ्ठ्या झाल्या की दारावर लाल कार्ड, आणि मग पंधरा दिवस मौन. म्हणजे त्या घराशी कुणी बोलायचं नाही. वॉचमनने नाही, पोरांनी नाही, कुणीच नाही. दंड नाही, भांडण नाही, पोलीस नाही — किती सभ्य, ना? तुमच्या फॉर्मात भांडणतंट्याचा रकाना आहे ना, तिथे पैकीच्या पैकी द्या.

आमच्या दारावर लागलं होतं की लाल कार्ड. पाच वर्षं झाली. माझे पप्पा, ज्ञानदेव — तीस वर्षं बसचे कंडक्टर. आवाज म्हणजे कसा, तर घरात मीठ मागितलं तरी मागच्या दारातल्या माणसाने पुढे सरकावं. गावाकडून, परभणीहून फोन आला की जिन्यात जायचे, घरात रेंज नव्हती ना. रिटायर झाले आणि गेटपाशी खुर्ची टाकून बसायला लागले — काय कौस्तुभ, इंटरव्ह्यूचं काय झालं? काय वहिनी, बांगडा ताजा मिळाला का? बोलल्याशिवाय अन्न पचायचं नाही त्या माणसाला. आणि त्यांच्याशी कुणी बोलेना. पहिले दोन दिवस हसले, म्हणाले, पोरखेळ आहे. चौथ्या दिवशी खुर्ची आत घेतली. नवव्या दिवशी दूध घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसले ते बसलेच — अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं, दूध सांडलेलं, आणि मॅडम, दोन माणसं बाजूने गेली हो. कौस्तुभदादा गेला. मनोरमाकाकू गेल्या, चेअरमनच्या मिसेस, साडी वर धरून, दुधात भिजेल म्हणून. नंतर म्हणाल्या, आम्हाला वाटलं नुसते बसलेत, आणि मौन होतं ना. आईला कळेपर्यंत वीस मिनिटं गेली. आता पप्पांना एकच शब्द येतो. चला. पाणी हवं — चला. दुखतंय — चला.

रडत नाहीये मी. ते तेव्हाच झालं. मी काय केलं सांगू? गुणी मुलगी झाले. मीटिंगला पाणी वाटलं, रांगोळ्या काढल्या, काका म्हणतील त्याला हो काका. सतराव्या वर्षी पेटीची आणि या ऑफिसातल्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली त्यांनी, आमची राजश्री म्हणून. आणि कपाटात काय? बारा वर्षांच्या चिठ्ठ्या, सगळ्या, फाइलला लावून! शिस्तीची माणसं ना, कागद फेकवत नाही. दोन वर्षं वाचतेय मी. कोण कुणाच्या फोडणीच्या वासावर, कोण कुणाच्या सुनेच्या गाऊनवर — तोंडावर गोड, आणि पेटीत सुरी. शशिकांतकाकांवर किती असतील? एकवीस! त्यातल्या नऊ मनोरमाकाकूंच्याच. 'जेवणाचं ताट अंगावर फेकतात.' नाही, कार्ड कुठलं लागतंय. चेअरमनच्या दाराला खिळा तरी ठोकेल का कुणी?

हं, आता कळलं तुम्हाला. कुपनांबरोबर तेच आहे आत. ज्याच्यावर चिठ्ठी, त्याच्या बॉक्समध्ये ती चिठ्ठी, लिहिणाऱ्याच्या नंबरासकट. बोलत नव्हते ना कुणाशी? आता बोला म्हणावं! काकूंचं काय होईल? होऊ दे काय व्हायचं ते. साडी वर धरली होती ना.

पप्पांवर कुणी लिहिल्या? एक कौस्तुभदादाची, एक काकूंची. तिसरी — तिसरी सोडा ना. थंड होतोय चहा.

बालपथकातल्या एका पोरीची होती. चौदा वर्षांची. पथकातल्या पोरांनी महिन्यात पाच चिठ्ठ्या पेटीत टाकल्या की निळा बॅज मिळायचा, तिच्या चार झाल्या होत्या आणि शेवटची तारीख. तिला काय माहीत आधीच्या दोन पडल्यात! एकीने काय होतंय, आपल्याच घरावर लिहिली तर कुणाला त्रास तरी नाही. लिहिलं, 'तीनशे चारमधले काका जिन्यात मोठ्याने बोलतात.' काका लिहिलं मी, मॅडम. वर तीनशे चार, खाली तीनशे चार. शशिकांतकाकांच्या लक्षात आलं की — हसले, पाठ थोपटली, म्हणाले, याला म्हणतात शिस्त.

ती पण ठेवलीय आमच्या बॉक्समध्ये. सगळ्यांच्या वाटायच्या आणि आपली लपवायची, मग माझ्यात आणि काकांत फरक काय? आमचा बॉक्स नेहमी मीच उघडते. आज घरी नेऊन, आईला बसवून, नीट सांगणार होते —

थांबा. साडेअकरा वाजले वाटतं, उघडायला लागले. बघा, बघा कौस्तुभदादाचं तोंड! आणि ते शशिकांतकाका, खाली कधी आले — वाचतायत, वाचू देत — अहो, आता एवढी माणसं आहेत आणि एक आवाज नाही —

आई कशाला आली खाली? पप्पांना पण आणलंय चाकाच्या खुर्चीवरून. मेसेज वाचला असणार तिने, एकदमच घ्या म्हणून मीच तर — आई, थांब, मी काढते, दे इकडे — आई!

वाचलं तिने. घडी घातली. इकडेच बघतेय, मॅडम. आई, अगं मी चौदा वर्षांची होते, मला माहीत नव्हतं गं दोन आधीच — आई? शिवी दे, मार, काहीतरी म्हण ना. खुर्ची वळवली तिने. पप्पा म्हणतायत, चला, चला. गेली लिफ्ट.

मॅडम, तुम्ही तरी बोला काहीतरी.