चेष्टा कीजिए

माझ्या चहात साखर नको गं, वर्ष झालं सोडून. आणि हे सगळं सुरू झालं एका भांडणातून, ऐक.

यांची बनारसला बदली झाली आणि रोज कचोरी-जलेबी खाऊन मी अशी फुगले की घाटाच्या पायऱ्या चढताना धाप लागायची. म्हणून अहिल्याबाई घाटावर योगासनं शिकायला गेले. पहिल्याच दिवशी वाकून पायाचे अंगठे धरायचे होते. माझे हात गुडघ्यांशीच अडले.

गुरुजी म्हणाले, "बहनजी, चेष्टा कीजिए."

माझं डोकंच फिरलं. इथे माझी कंबर मोडतेय आणि यांना थट्टा वाटतेय!

"हम चेष्टा नहीं कर रहे!"

"वही तो कह रहे हैं, कीजिए!"

"हमें चेष्टा बिलकुल पसंद नहीं!"

"तो फिर यहाँ आईं काहे?"

मी चटई गुंडाळून निघालेच. तेवढ्यात शेजारच्या चटईवरच्या प्रभाताईंनी माझा हात धरला. त्या ब्रह्मा घाटावरच्या, मराठी पण पिढ्यान्‌पिढ्या काशीतल्याच. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं. "अगं बाई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न!"

मी निमूटपणे चटई परत पसरली. प्रभाताईंनी तेव्हा हात धरला नसता ना, तर आजही मी पायऱ्यांवर धापा टाकत बसले असते. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

परवा घरी यांच्यासमोर वाकून अंगठे धरून दाखवले. हे बघतच राहिले. म्हणाले, "चेष्टा करतेस काय!"

म्हटलं, "हो, वर्षभर करतेय!"