वेदीपाशी ठेवलेले तांदूळ

सुज्ञ वाचकहो, सौंदडच्या बसथांब्यावर श्रवणी पडलेला एक संवाद येथे यथामती सादर होत आहे.

चर्चमधील उपासना अर्धवट सोडून निघालेल्या कवडूमागे त्याची पत्नी धुरपता धापा टाकीत आली.

“काऊन जी, नव्या तांदळाचं अर्पण वेदीपाशी ठेवून कुठं पळून राहिले?”

“भावाकडं. त्याच्या पाळीचं तलावाचं पाणी मी माह्या धानाच्या बांधीत वळवलं होतं. शास्त्रात हाय, आधी भावाशी समेट, मंग अर्पण.”

“त्यानं दारच नाही उघडलं तं?”

“अंगणात बसून राहीन. जेवाच्या वेळेले तं उघडनच.”

“आन् तांदूळ?”

“थांबन वेदीपाशी. देव कोठं चालला?”

“मंग दोन तिकिटा काढा. माही बी जाऊबाईशी बोली बंद हाय.”

बस आली, दोघेही चढले.

वाचनाचे कष्ट घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
ईश्वरदास वाघाडे