गुण्या म्हणजे कोपरा

माझा जन्म धरमतरच्या खाडीकाठचा. अब्बा सुतार, होड्या दुरुस्त करायचे, आणि पेणला कुणाकडं चौकट बसवायची असली की मला संगती न्यायचे, तिथंच मी शिकलो. गुण्या तुम्ही बघितलाच असंल, लाकडाची मूठ नि तिला आडवी लोखंडाची पट्टी, काटकोन बघायचं हत्यार. अब्बा म्हणायचे, हा लाकडाचा गुण सांगतो म्हणून गुण्या. मला ते खरंच वाटायचं, अब्बा म्हणतील ते खरंच.

मंग लग्न झालं, जैबून आली, आणि वर्षभरात मी आखातात गेलो. आमच्यातली निम्मी माणसं तिकडंच, त्यात नवल नाय. पण काय सांगू तुम्हाला, मी गेलो त्या कारखान्यात आपल्याकडचं एक पण माणूस नव्हतं, कोण मल्याळी बोलतोय, कोण अरबी, आणि मी आपला मान हलवतोय. दोन-तीन महिने तोंड उघडलं ते नमाजापुरतं, खोटं नाय सांगत. रंधा मारताना स्वतःशीच बोलायचो, आपला आवाज ऐकायला.

तिथं एक इराणी म्हातारा होता, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. एक दिवस चौकट जुळवताना त्यानं माझ्याकडं हात केला नि बोलला, गुनिया. मला वाटलं कानाला भास झाला. परत बोलला, गुनिया, गुनिया. मी गुण्या त्याच्या हातात दिला आणि खालीच बसलो, रडायलाच आलं हो. उस्ताद घाबरला, त्याला वाटलं माझं बोट कापलं. मी हत्याराला हात लावून म्हटलं, गुण्या. तर हसला, मोडक्या हिंदीत म्हणतो, तुमच्यात पण? मी म्हटलं, गुण सांगतो तो गुण्या. नाय नाय म्हणाला, हाताला धरून मला भिंतीच्या कोपऱ्यात नेलं, तिथं माझा हात टेकवला, हे, गुनिया म्हणजे हे, कोपरा. फार लांबून आलेला शब्द हाय म्हणे, त्यांच्या फारसीत पण बाहेरचाच.

त्या दिवसापासून आम्ही जेवायला एकत्र. अब्बा वारल्याची चिठ्ठी आली तेव्हा दफन होऊन बारा दिवस झालेले. उस्ताद दिवसभर माझ्या वाटचं काम करत राहिला. आणि मला बघा, राहून राहून एकच, अब्बांना गुण्याचा अर्थ सांगायचा राहिला. रागावले असते, नायतर हसले असते. पुढल्या वर्षी उस्ताद आपल्या मुलखात गेला तो आलाच नाय. आता नसंल जिवंत.

मी म्हातारपणी परत आलो, इथं रोह्याजवळ वरसे गावात घर घेतलं. जैबून म्हणायची, अहो, आपल्याच घरात पाव्हण्यासारखे काय बसता? सवयच नव्हती ना. सवय लागली तेव्हा ती गेली, दोन वर्षं झाली.

पोरगा आखातात, सून-नातवंडं पण तिकडंच. फोनवर म्हणतो, अब्बा, इकडं या. नको रे बाबा, म्हटलं, मी तिथं राहून आलोय. आजूबाजूला नवीन बिल्डिंगा झाल्या, माणसं कंपनीत शिफ्टला जातात, दारं बंद. माझ्या दाराला दिवसा कडी नसते, कुणी आलंच तर ढकलून आत यावं. तुम्ही आलात, बरं वाटलं. चहा घेतल्याशिवाय उठायचं नाय. अल्ला तुमच्या घरात बोलणारी माणसं ठेवो.