कांद्याच्या बदल्यात दगड

…आणि वर मलाच म्हणतो, आई, तो दगड सोड! आता तुम्हीच सांगा, आतित्लान तळ्याच्या काठावर बाईचा धुण्याचा दगड म्हणजे काय वाटेवरचा धोंडा आहे? माझी आई त्यावरच धूत आली, गुडघाभर पाण्यात उभी राहून. माझं लग्न तिथंच ठरलं, सासूनं माझं पिळणं पाहिलं आणि हो म्हणाली. पण नाही. तळं हिरवं झालंय ना!

म्हणणारा कोण, तर माझाच गास्पार. तळ्याच्या समितीत गेल्यापासून घरातसुद्धा कर्ण्यातून बोलल्यासारखा बोलतो… साबणावर शेवाळ पोसतं म्हणे, त्यात पाणी हल्ली कोमट, म्हणजे त्याची चंगळच. तर टेकडीवर हौद बांधलेत, तिथं धू. तुम्हाला सांगते, ते हौद एका ओळीत, सगळ्या बायकांची तोंडं भिंतीकडे! शेजारी माझी मैत्रीण चोना उभी, आणि मी बोलायचं कुणाशी, तर सिमेंटाशी. पण तक्रार करायची सोय नाही, तळं हिरवं झालंय ना!

तशात पाऊस आला. पूर्वी कसा दुपारी यायचा, शहाण्यासारखा पडून जायचा. आता महिनाभर दडी मारतो आणि एकदम कोसळतो. गास्पारनं उतारावरच्या कांद्याला नुकतंच गोणीभर खत घातलेलं, ते सगळं घळीतून थेट तळ्यात! पुढच्या आठवड्यात असा वास, की बोकडानं नाक धरावं.

मी विचारलं, "काय रे, शेवाळाला माझा चिमूटभर साबण गोड, आणि तुझं गोणीभर खत कडू?"

त्यानं टोपी काढली, परत घातली. "खतावरही पोसतं, आई."

"मग लोकांना सांगत फिरतोस ना, काठाला लव्हाळी लावा, खत अडतं म्हणून? तुझे खालचे दोन पट्टे कांदा काढ, लव्हाळी लाव. मी दगड सोडते."

मला वाटलं, हा कांदा सोडतोय कसला! पोटचा पोर, ओळखते ना मी… तर सकाळी पाहते, हा बाबा चिखलात कमरेपर्यंत, लव्हाळी लावतोय. गेला की हो माझा दगड, माझ्याच तोंडानं!

आता हौदावर जाते, भिंतीकडे बघत धुते, आणि मग तेच धुतलेले कपडे टोपलीत भरून खाली दगडावर येते, नुसत्या पाण्यात खळबळायला. चोनाही येते. सगळ्याच येतात. गास्पार म्हणाला, "आई, हे तर धुतलेलेच आहेत."

म्हटलं, "मग? बायकांनी रिकाम्या हातानं बोलायचं का?"

निवळेल हो तळं, देवाच्या मनात असलं तर… दोन-दोनदा धुऊन माझी पोलकी काही तोवर टिकत नाहीत.