नीलवर काय हाय पाह्याले?

पळून गेली? कोन पळून गेली, रंगरावभाऊ? दिवसाउजेडी, चारचौघांत, आपल्या नावानं तिकीट काढून बोटीत बसली माही काजल — याले पळून जानं म्हन्तेत काय तुमच्या बुलढान्यात? नाई, उठू नका, बसा. खुर्ची घ्या अशी सावलीत. चहा ठेवते मी. सोयरीक तुमी जुळवली, लग्नात मधातमंदी मिरवले बी तुमीच, तं आता ऐकाचं बी तुमालेच. विहीनबाईनं एक कान भरला न तुमचा? दुसरा रिकामा असन अजून, तो इकडे करा. काय म्हने पंचफुलाबाई — मायनंच पोरीचे कान भरले? छ्या! मी तं इथं वावरात होती हो, कापूस येचून राह्यली होती, मले काय माहीत समुद्रात कोनती बोट कुठी जाते? काजलच्या बापाले, तुमच्या भावाले इचारा. ते आज मोताळ्याले गेले कापूस घेऊन, संध्याकाळशिवाय येत नाईत. ते बी हेच म्हनून राह्यले, की पोट्टीले समजावू, धाडून देऊ. धाडून देऊ! पार्सल हाय काय ते?

सुरुवातीपासून सांगते, म्हनजे तुमाले बी समजन. साखरपुडा झाल्यावर शिवम — तवा मी जवाईबापू म्हने त्याले, आता जिभेवर येत नाई ते — तर शिवम सोताच काजलले म्हने, आपन लग्न झालं का अंदमानले जाऊ, तू अन् मी, बेटं तू निवड. खूश झाली न पोट्टी. रक्ततपासनीच्या लॅबमंदी दिवसभर लोकायच्या बोटाले सुया टोचते बिचारी, थकून येते, पन त्या दिवसांत आली का ओट्यावर बसे मोबाईल घेऊन. मले म्हने, आई, इकडे ये, पाहा, शेकड्यानं बेटं हायेत, पन मानसाले फिराले जाऊ देतेत अशी थोडीकच. एक हॅवलॉक — तिथं राधानगर नावाचा किनारा, पांढरी रेती, झाडं पार पान्यालोक आलेली, पन गर्दी लय. एक रॉस — इंग्रजायचे पडके बंगले, भितीतून झाडाच्या मुया निंघालेल्या, अन् हरनं मोकळी फिरतेत. एक बाराटांग, तिथं जंगलातून जा लागते अन् चुन्याची गुहा पाहा लागते. मी म्हटलं, गुहा पाहाले कोन जाते बाप्पा नव्या लग्नाचं? हसली. मंग तिनं ते नील दाखवलं. लहानसं. पानी मागं सरलं का खडकात डबकी राह्यतेत, त्याच्यात रंगीत मासोया, अन् दगडाची एक कमान आपोआप झालेली. म्हने, आई, तुले एकच निवडाचं असतं तं कोनतं निवडलं असतं?

आता मले कोनं इचारलं होतं हो आजलोक, काही निवड म्हनून? लग्नातला शालू सासऱ्यायनं आनला, पोरीचं नाव आत्यानं ठेवलं, घराले रंग कोनता द्याचा ते तुमच्या भावानं पेंटरले सांगितलं. पानी म्हटलं तं नळगंगेचं धरन, त्याच्याहून मोठं पानी मी पाह्यलं नाई. मी मोबाईल हातात घेतला अन् म्हटलं, हे. नील. काऊन, म्हने. म्हटलं, हे पानी पाहून भेव वाटत नाई, अन् मांगं पाहा, त्या किनाऱ्याच्या मांगं वांग्याचा बगीचा हाय. खरंच होता! तिनं बी पाह्यला नव्हता. समुद्राच्या काठी वांगे पिकतेत, भाऊ. मी म्हटलं, तेवढं मात्र पाहून येजो मायासाठी, की कसे लागतेत तिथं.

मंग झालं लग्न, अन् चार दिवसांनी समजलं की पंचफुलाबाई बी जाऊन राह्यल्या. मले वाटलं, दुसऱ्या कुठी. नाई — हनिमूनले! मी हसली आधी, तोंडात पदर घेऊन हसली. मले म्हने फोनवर, विहीनबाई, पोरगं कसं सांभाळन तिकडे, त्यानं समुद्र पाह्यला नाई कधी. तीस वर्षांचं पोरगं, भाऊ! मिशा हायेत त्याले! मंग म्हने प्राची बी येते, ननंद, अन् तिचा नवरा, अन् तिचं तान्हं लेकरू. अन् नील कटलं. कटलंच! म्हने, नीलवर काय हाय पाह्याले? ना बाजार, ना दुकानं. त्यापेक्षा पोर्ट ब्लेअरले एक मुक्काम वाढवू, मोत्याच्या माळा घेता येतीन. काजल शिवमकडे पाहे, अन् शिवम काय म्हने? "बरं." एवढंच. मले त्या शब्दाचीच शिसारी येते आता.

घ्या, चहा घ्या. बिस्कीट नाई, आनले नाईत. तं गेले. हॅवलॉकच्या बोटीत पंचफुलाबाईले ओकाऱ्या सुरू झाल्या, अन् पिशवी कोनं धरली? माया पोरीनं. मेहंदीचे हात अजून लाल होते तिचे, अन् त्या हातात ओकारीची पिशवी. ननंद तिकडे फोटोसाठी उभी, शिवम तिकडे बहिनीचे फोटो काढून राह्यला. बरं, मानूस आजारी पडलं तं पिशवी धरा लागते, मी त्याले नाव ठेवत नाई. लॅबमंदी ते याच्याहून घान काम करते अन् तोंड वाकडं करत नाई. पन हॉटेलात गेल्यावर पाहा. हॉटेलात दोन खोल्या. एक प्राचीची. अन् दुसरी — म्हटलं नवरा-नवरीची असन — तं पंचफुलाबाई आपली बॅग घेऊन तिथंच शिरल्या. म्हने, समुद्राचा आवाज येते, मले एकटीले भेव वाटते. अन् पलंगावर मधात झोपल्या, भाऊ. मधात! इकडे पोरगा, तिकडे सून. पोरगा थोड्या वेळानं उठून सोफ्यावर गेला, म्हने गरम होते. अन् माही पोट्टी रातभर त्या बाईच्या तेलाच्या वासात, तिच्या घोरन्यात, भितीकडे तोंड करून. गॅलरीत त्या बाईचे लुगडे वाळत, खोलीत ठेच्याची बरनी उघडी, लसनाचे टरफलं पलंगाखाली. कोन मानूस आपल्या पोराच्या लग्नाच्या पलंगावर — नाई, मले ते बोलतानीच कसंतरी होते. हात धुवा वाटतेत.

सकाळी म्हने राधानगरले गेले सगळे. एवढा नावाजलेला किनारा, तं हे लोक रेतीत चादर टाकून बसले. काजल पान्यात पाय टाकाले गेली तं मागून हाक — ओली होऊ नको, लोक पाहातेत, लेकरू घे इकडे, प्राचीले फोटो काढाचा हाय. लेकरू घेऊन बसली. पानी तिथंच, समोर, अन् तिनं पायाचा अंगठा बी बुडवला नाई. दुसऱ्या दिवशी बी तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून तिनं फोन केला मले, हळूच बोले, नळाच्या धारेसारखा आवाज बारीक करून — म्हने, आई, धक्क्यावरून नीलची बोट जाते आता, इथून दिसते. मी इथं तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती, मी म्हटलं, पोट्टे, कायले पाहून राह्यली मंग? जाय.

…

हाव. ऐकलं तुमी बरोबर. मीच म्हटलं. आधी नाई म्हटलं तुमाले, आता हाव म्हनते. जाऊन सांगा तिकडे, मायनंच कान भरले. तुमच्या भावाले माहीत नाई हे, त्यायले वाटते पोट्टीच्या डोक्यातून निंघालं. मी म्हटलं, जाय, नवऱ्याले सांगून जाय, चोरून नको जाऊ. अन् तिनं सांगितलं! तो दात घासून राह्यला होता. म्हने, मी नीलले चालली, तू येतं का? तो म्हने, आई उठू दे. उठू दे म्हने! ते गेली.

बोटीत म्हने भाजीवाल्या बाया होत्या, रिकाम्या टोपल्या घेऊन घरी चालल्या. हॅवलॉकच्या हॉटेलायले भाजी इकून. माया वांग्यायचं खरं निंघालं, भाऊ! त्यायच्यातल्या एकीनं हिले बाजूले बसवलं, भाषा समजे ना, तरी नारळाचा तुकडा दिला. उतरल्यावर सायकल भाड्यानं घेऊन गेली ते त्या कमानीकडे. पानी मागं सरलं होतं. त्या डबक्यायमंदी पाय टाकून बसली, कोनी हाक मारली नाई, कोनी लेकरू मांडीत टाकलं नाई. मले सांगे, आई, पाच बोटायचा एक तारा होता दगडाच्या रंगाचा, तो चालते हो, इतका हळू चालते का पाहात बसलं तरच समजते. ते पाहात बसली.

अन् दुपारच्या बोटीतून शिवम उतरला. ते धक्क्यावर गेली होती घ्याले — त्यानं फोन केला होता, येऊन राह्यलो म्हने. पोट्टीले वाटलं, आला माह्यासाठी. तं त्याच्या मांगून पंचफुलाबाई. त्यायच्या मांगं प्राची, नवरा, लेकरू, चादर, ठेच्याची बरनी. सगळी वरात! धक्क्यावरच सुरू झाल्या विहीनबाई — माहा बी.पी. वाढला, लोकायत नाक कापलं, हिले कोनी वळन लावलं नाई. अन् तेवढं झाल्यावर म्हने काय? आता आलोच हाओत तं पाहून घेऊ, फोटो काढू. थू! भाजीवाल्या बाया पाहून राह्यल्या होत्या तमाशा. काजल सासूले वलांडून शिवमपाशी गेली. शिवमले तेवढं इचारलं सगळ्यायसमोर — आज रात्री आपन दोघं इथं राहू, यायले जाऊ दे हॅवलॉकले. येवढंच मागते, एक रात. तं त्यानं काय केलं, सांगा? हाव म्हटलं? नाई म्हटलं? आईकडे पाह्यलं त्यानं. बस. नाई म्हटलं असतं तं भांडली असती ते. रडली असती, मंग राह्यली बी असती. पन त्यानं आईकडे पाह्यलं, अन् हिनं सायकल उचलली. ते गेले सांजच्या बोटीनं, हे राह्यली. दुसऱ्या दिवशी बोटीनं पोर्ट ब्लेअर, तिथून एकटी विमानानं नागपूर, मंग रेल्वेनं मलकापूर, अन् एस्टीनं दारात. हातात काही नाई, मोत्याची माळ नाई, खांद्याची कातडी तेवढी उनानं सोललेली.

अन् तरी संधी दिली न तिनं! तुमाले तिकडे सांगितलं का कोनी हे? नसनच सांगितलं. फोनवर म्हने त्याले, तू एकटा ये, बसून बोलू. मागच्या रयवारी येतो म्हने. पोट्टीनं सोता वांग्याची भाजी केली, कळन्याच्या भाकरी केल्या, केस धुतले. मोटरसायकलचा आवाज आला तं मी बी बाहेर आली, तुमचा भाऊ बी टोपी घालून उभा. तं मोटरसायकलवर मांगं कोन? आता मी नाव बी घेत नाई. मांगं बसलेली, पर्स मांडीवर. काजलनं अंगनातून पाह्यलं, मागं वळली, घरात गेली अन् ताट वाढून घेतलं. जेवली, भाऊ. पोटभर जेवली. तिचा बाप बाहेर हात जोडून राह्यला अन् ते आतमंदी दुसरी भाकर घेऊन राह्यली. मले त्या दिवशी तिचं जेवन पाहून इतकं बरं वाटलं का काय सांगू.

अन् आता त्यानं तुमाले धाडलं. सोता नाई आला. आधी आईले आनलं, मंग तुमाले धाडलं. काजल नाई घरी, कामावर गेली. सकाळच्या एस्टीनं घाट चढते, बुलढान्याच्या स्टँडवर उतरते, सासरच्या गल्लीवरून जाते लॅबले, मान बी वळवत नाई. ते नाई जात आता तिथं. माहं बी नाईच हाय. हेच सांगजा.

काय म्हटलं? "वहिनी, तुमी नाई का सहन केलं, तुमचा नाई का झाला संसार?"

तुमाले काय माहीत हो काय सहन केलं? तुमी लग्नात बुंदी वाढून गेले घरी. ही मधली खोली पाहा, हे, हीच. इकडे सासूबाईची खाट, इकडे आमचं अंथरून, अन् मधात एक लुगडं टांगलेलं, जुनं, पार विरलेलं. त्या खोकलल्या का तुमचा भाऊ झोपल्याचं सोंग घे. मी इकडे डोये उघडे ठेवून. अन् काजल पोटात राह्यली तवा त्या हिरीवर बायायले सांगत — कधी झालं बाई, मले तं आवाज बी नाई आला. अन् बाया हसत. मी हंडा घेऊन तिथंच उभी. अन् घरी येऊन मी तुमच्या भावाले सांगितलं, तं ते… ते म्हने…

जाऊ द्या.

साय धरली तुमच्या चहावर. नका पिऊ तो. उठा तुमी आता, रंगरावभाऊ. नाई, काही बोलू नका, उठा. फाटक लोटून घेजा, ढोरं येतेत.