रुळावरची भरलेली गाडी

आमच्या ह्यांना तुमी हट्टी म्हणता ना? मग माझं ऐका.

मढजवळ धरणाचं काम चाललं व्हतं, तवा मातीच्या ट्रॉल्यांसाठी रूळ टाकले व्हते. काम संपलं, रूळ उचलून नेले, उंच भराव तेवढा राहिला. एक सायकल जाईल एवढीच वाट, दोन्ही अंगाला घाणेरीची झुडपं. तरी समदे त्याला रूळच म्हणायचे.

बाजारातून येताना हे सायकल मारत व्हते, मी मागं कॅरेजवर. समोरून कापडवाले शेठ आले, सायकलीला दोन्ही बाजूंनी गठ्ठे. कुणीच मागं सरंना.

हे म्हणाले, "शेठ, मी ह्या लायनीवर काम केलंय. रिकाम्या ट्रॉलीनं मागं सरायचं, भरलेली फुडं जायाची."

शेठ हसले. "मग भाऊ, भरलेली माझीच की! वहिनींना उतरवा आणि घ्या मागं."

हे खाली उतरले अन् मला म्हणाले, "उतर गं."

"न्हाई उतरायची," मी म्हणलं. "शेठ, तुमच्या गाडीवर कापड हाय. आमच्या गाडीवर दोघं न्हाईत, तिघं हायेत."

शेठनी सायकल मागं घेतली, पार भराव संपेस्तोवर. आमची गाडी मात्र हलंना. नर्सबाईंनी सकाळी सांगितलेलं मी ह्यांना घरी गेल्यावर सांगणार व्हते.

"अवो, बसा की! उशीर व्हतोय."

हे हँडल धरून पायीच निघाले.

"गप बस," म्हणाले. "भरलेली ट्रॉली आमी हातानंच ढकलायचो."